समुद्रावर मुलांचे कँडिड (पोज न देता काढलेले) फोटो काळपट का येतात आणि ते सुधारायचे कसे?

तुमचा प्रश्न असा: सोलापूरहून सुट्टीत गणपतीपुळ्याला गेलात, सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांचे खेळतानाचे भरपूर फोटो काढले. चेहरे काळपट आले, बऱ्याच फोटोंत मुलं पाठमोरी आहेत आणि उरलेल्यांत कॅमेऱ्याकडे बघून दात दाखवताहेत. नवा कॅमेरा घ्यावा का?

कॅमेरा घेऊ नका, उभं राहायची जागा बदला.

कोकणात समुद्र पश्चिमेला आहे. आपण संध्याकाळी किनाऱ्यावर उतरतो, वाळूत उभं राहतो आणि कॅमेरा समुद्राकडे धरतो. सूर्य मुलांच्या पाठीमागे असल्यामुळे चेहरे सावलीत जातात. त्यात चमकणारं पाणी आणि उजळ आकाश दिसलं की कॅमेरा सगळाच फोटो गडद करतो. म्हणून संध्याकाळी उलटं करायचं. पाण्याच्या कडेला, जेमतेम घोट्याएवढ्या पाण्यात, समुद्राकडे पाठ करून थांबा. मुलं लाटेकडे धावत येतात तेव्हा मावळतीचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर पडतं.

मला विचाराल तर सकाळ जास्त चांगली. सूर्य जमिनीच्या बाजूला असतो, त्यामुळे तुम्ही वाळूवरच थांबायचं. लाट आली की मुलं किंचाळत मागे पळतात, म्हणजे तुमच्याच दिशेने, आणि चेहऱ्यावर ऊनही असतं. माडांची आणि सुरूची लांब सावली किनाऱ्यावरून सरकली की पुढचे दीड-दोन तास सोन्यासारखे. दुपारी डोळ्यांखाली सावल्या पडतात, पण फिकट कोरडी वाळू खालून उजेड परत फेकते. मूल वाळूत खाली बघून खेळत असेल तर दुपारचाही फोटो जमतो.

सूर्यासमोर फोटो काढावाच लागला तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) +0.7 ते +1.3 ठेवा. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. आकाश पांढरं पडलं तर पडू द्या, चेहरा महत्त्वाचा. आणि आधी मोबाईलची लेन्स पुसा. सनस्क्रीन लागलेल्या बोटांचा ठसा उन्हासमोर धुक्यासारखा दिसतो.

आता क्षितिजाची रेघ. ‘मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर या’ असं सगळे सांगतात, पण समुद्रावर हा सल्ला अर्धाच लागू पडतो. सपाट वाळूवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवरून जातं. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणला की रेघ एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडल्यासारखी दिसते. मांडी घालून बसलात की कॅमेरा साधारण सव्वादोन-अडीच फुटांवर येतो. मग रेघ सहा वर्षांच्या मुलाच्या कमरेपाशी जाते आणि डोकं मोकळ्या आकाशात येतं. मूल उतारावरून पाण्याकडे गेलं की रेघ त्याच्या मानेकडे चढते, तेव्हा आणखी खाली वाका. आकाश अगदीच पांढरं असेल तर सरळ उभे राहा. रेघ डोक्याच्या वर जाईल आणि मागे फक्त पाणी राहील.

धावणाऱ्या मुलांसाठी शटरचा वेग किमान 1/1000 सेकंद ठेवा. पाणी उडवताना थेंब हवेत गोठलेले हवे असतील तर 1/1600 ते 1/2000. अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ 4 ते 5.6, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, फोकस मुलाच्या मागे सतत धावणारा (कंटिन्युअस) आणि बर्स्ट (एका दमात अनेक फोटो) चालू. लेन्स 85 ते 200 मिलिमीटर, अंतर पाच ते आठ मीटर. मोबाईलवर 2एक्स किंवा 3एक्स वापरा. 0.5एक्सने कडेचे हातपाय ताणले जातात आणि मूल मात्र ठिपक्याएवढं होतं.

दात दाखवण्याचा इलाज सेटिंगमध्ये नाही. नाव घेऊन हाक मारली की मूल थांबतं आणि पोज देतं. त्यापेक्षा त्यांना काम द्या: बादलीभर पाणी खड्ड्यात टिकतं का बघा, खेकड्याच्या बिळाभोवतीच्या वाळूच्या गोळ्या मोजा. पहिली दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा हातात असू द्या, पण वापरू नका, म्हणजे त्याचं अप्रूप संपतं. मग लाट फुटल्यानंतरचा क्षण पकडा. भिजलेलं मूल लगेच भावंडाकडे किंवा आईकडे बघतं, खरा चेहरा तिथे मिळतो. त्यामुळे आई कुठे उभी आहे हे आधीच ठरवून घ्या. मुलांजवळ दुसरं मोठं माणूस असेल आणि ती तुमच्या शेजारी असेल तर नजर तुमच्याकडे येते, पण लेन्समध्ये शिरत नाही. कपडे पिवळे, लाल किंवा गडद हिरवे असावेत. निळे कपडे पाण्यात हरवतात.

एक गोष्ट नियम म्हणून पाळा: फोटो काढणाऱ्याने राखणदारी करायची नाही. डोळा कॅमेऱ्याला लावला की बाजूची लाट दिसत नाही, आणि गणपतीपुळ्याचं पाणी धोक्याचं आहे. दुसरं मोठं माणूस मुलांच्या हाताच्या अंतरावर हवंच.

सराव सोलापुरातच करा. गल्लीत बांधकामाचा वाळूचा ढीग असेल तर मालकाला विचारून सकाळी आठला मुलांना बादली देऊन सोडा. ऊन पाठीशी, ऊन समोर, उभं राहून, बसून असे प्रत्येकी वीस फोटो काढा. पंढरपूरचं वाळवंटही यासाठी उत्तम, मात्र एकादशीची गर्दी टाळा आणि फोटो कोरड्या वाळूतच काढा. चंद्रभागेत खड्डे असतात. घरून एक पांढरा सोलापुरी टॉवेल घ्या. सावलीत बसलेल्या मुलासमोर उन्हात तो पसरला की रिफ्लेक्टरचं, म्हणजे चेहऱ्यावर उजेड परत फेकायचं, काम होतं.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत न जाणवणारा एक त्रास म्हणजे लेन्सवरचं धुकं. एसी खोलीतून किंवा गाडीतून थेट दमट किनाऱ्यावर गेलात तर लेन्सवर बाष्प धरतं. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. वाळूचे कण आधी ब्लोअरने (हवा सोडणारा रबरी फुगा) उडवा, पुसलेत तर ओरखडे पडतील. खारट थर मात्र फुंकून जात नाही. त्यासाठी मायक्रोफायबर कापड गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि त्याच संध्याकाळी पुसून काढा. मोबाईल समुद्रात भिजला असेल तर पोर्ट पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नका. ‘वॉटरप्रूफ’ची चाचणी गोड्या पाण्यात झालेली असते.