अंजदीवच्या शिपायांवर लिहिणाऱ्या मुलीला

बाळ,

अनेक आशीर्वाद. खर्डा मिळाला. एकदा सरळ वाचला, मग पेन्सिल घेऊन वाचला. मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली एवढंच सगळे सांगतात. ती ताब्यात घ्यायला निघालेले शिपाई दोन वर्षांहून जास्त काळ कारवारजवळच्या अंजदीव बेटावर कुजत पडले होते, याबद्दल कुणी बोलत नाही. तुला ते लिहावंसं वाटलं याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणूनच स्पष्ट लिहितो, रागावू नकोस.

पहिली खूण तिसऱ्या पानावर आहे. तू लिहिलंयस, ‘किल्ल्याच्या बुरुजावर उभं राहून शिपाई मायदेशाच्या जहाजाची वाट बघत असत.’ बुरूज कुठून आला? पोर्तुगीजांनी १५०५ मध्ये अंजदीववर किल्ला बांधला आणि थोड्याच काळात स्वतःच तो मोडून टाकला. आज ज्या तटबंदीचे फोटो तू पाहिलेस ती १६८२ ची. तुझे शिपाई तिथे उतरले १६६२ च्या अखेरीस. म्हणजे त्यांच्या डोक्यावर किल्ला नव्हता, आणि त्यांची सगळी गोष्ट त्यातच आहे. दीडएक किलोमीटर लांबीचं खडकाळ बेट, त्यावर झरे, झाडी, आणि अंगावर लोकरी कपडे घेऊन आलेली माणसं. आता जूनची कल्पना कर. माझं बालपण कारवारचं. बिणग्याच्या किनाऱ्यावरून बेट स्वच्छ दिसायचं, पण मृग लागला की आठ-आठ दिवस दिसेनासं व्हायचं. समोर नुसती राखाडी भिंत. होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या, कोळी जाळी विणत घरात. त्या भिंतीपलीकडे चारशे माणसं आहेत आणि त्यांच्याकडे तांदूळ घेऊन जाणारी होडी सप्टेंबरपर्यंत सुटणार नाही, असं समजून लिही. बुरुजाची गरज पडणार नाही.

आकड्यांबद्दल. तू ठामपणे ५०० म्हणतेस. राजाने फौजेच्या चार तुकड्या पाठवल्या होत्या, तुकडीत शंभर-शंभर शिपाई. काही जण त्यात अधिकारी आणि इतर माणसं धरून ५०० सांगतात, काही ४०० वर थांबतात. दोन्ही आकडे दे आणि फरक का पडतो ते एका वाक्यात सांग. मुंबईत पाऊल ठेवणारे उरले शंभराच्या आसपास. हा आकडा खर्ड्यात तू तीनदा लिहिलायस. एकदाच लिही, पण योग्य जागी. तीनदा ऐकला की माणूस त्याला सरावतो.

आता कारणांकडे. खर्ड्यात ‘पोर्तुगीजांनी दगा दिला’ एवढं एकच कारण आहे. ते इंग्रजांच्या पत्रांतून आलंय, आणि तू ते जसंच्या तसं घेतलंस. जरा दुसऱ्या बाजूला बसून बघ. २३ जून १६६१ चा विवाहाचा तह. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रगांझा हिच्या हुंड्यात मुंबई बंदर आणि बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला. पण बेट म्हणजे किती? साष्टी आणि ठाणं त्यात येतं का? लंडन आणि लिस्बन, दोघांनीही ही जागा डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. सप्टेंबर १६६२ मध्ये मार्लबरोचा अर्ल आरमार घेऊन मुंबईसमोर आला, बरोबर मुंबईचा नेमलेला गव्हर्नर अब्राहम शिपमन आणि त्याचे शिपाई. पोर्तुगीजांचा नवा व्हाइसरॉय आंतोनियो दे मेलो दे कास्त्रो याने कागद तपासले आणि ते रीतसर नाहीत म्हणून ताबा नाकारला. तो नुसता अडवणूक करत होता असं समजू नकोस. १६६५ च्या जानेवारीत त्याने आपल्या राजाला कळवलं की इंग्रज मुंबईत बसले त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला असं समजावं. त्याचं म्हणणं खरं ठरलं. तो आपल्या मालकाचं हित पाहत होता, आणि त्याच्या हट्टापायी जी माणसं मेली त्यांच्याशी त्याचं कसलंच वैर नव्हतं. हे दोन्ही एकाच परिच्छेदात येऊ देत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेच्या वखारीनेही या शिपायांना ठेवून घेतलं नाही. वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन. मोगलांच्या बंदरात राजाचे चारशे हत्यारबंद शिपाई उतरवले असते तर वखारीचा व्यापार त्याच दिवशी बसला असता. म्हणून अंजदीव. नव्या वर्षाच्या सुरुवातीला मार्लबरोची जहाजं परत गेली आणि शिपाई मागे राहिले. लंडनला पत्र घेऊन जाणारं जहाज आफ्रिकेला वळसा घालून सहा-आठ महिन्यांनी पोचायचं, उत्तर यायला पुन्हा तेवढेच, मध्ये पावसाळ्यात किनारा बंद. एका प्रश्नाचं उत्तर मिळायला दीड-दोन वर्षं. शिपमनच्या बाबतीत तर १६६४ मध्ये तो बेटावरच वारला आणि ताबा घेण्याचे दुरुस्त कागद त्याच्या मागून आले. तुझ्या खर्ड्यात हे वाक्याच्या शेपटाला लटकलंय. ते पुढे आण, त्याला अख्खं पान दे.

ते कशाने मेले हे लिहिताना ‘प्रतिकूल हवामान’ हा शब्द खोडून टाक. मीही एकदा तो वापरला होता. तिशीत असताना एका दिवाळी अंकात या शिपायांवर चार पानं लिहिली, ‘हवामान न मानवल्याने’ असं म्हटलं आणि पुढच्या परिच्छेदात गेलो. हवामान न मानवणं म्हणजे काय, हे मी स्वतःला विचारलं नाही. ताप, हगवण, रक्ती आव, पोटात गार भात आणि वर ताडीची दारू, भिजलेले कपडे, एकाच झऱ्यावर पिणं आणि धुणं. आणि आपल्याकडचा एक शब्द इथे तुझ्या उपयोगाचा आहे: मोडशी. आपली आजी पोट बिघडलं की म्हणायची ती मोडशी. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलून ‘मोर्देशिम’ केला, फ्रेंचांनी त्याचा कुत्र्याचं मरण अशा अर्थाचा शब्द बनवला. आपल्या किनाऱ्यावरचा घरगुती शब्द युरोपभर मरणाचं नाव होऊन फिरला. मुंबईत आल्यावरही मरण थांबलं नाही. १६९० मध्ये आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने नोंदवलेली म्हण तुला माहीत असेल, दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य.

त्याच दिवाळी अंकात मी आणखी एक चूक केली होती, आणि तीच तू करत आहेस. मुंबईचा ताबा कधी मिळाला? मी १६६४ लिहिलं, तूही काही ठिकाणी तेच लिहिलंयस. इंग्रजांचं वर्ष त्या काळी २५ मार्चला बदलायचं, म्हणून त्यांच्या कागदात फेब्रुवारी १६६५ हा १६६४ मध्येच पडतो. शिवाय पोर्तुगीज नवं पंचांग वापरत होते आणि इंग्रज जुनं, दहा दिवसांचा फरक. पोर्तुगीज कागदातली १८ फेब्रुवारी ही इंग्रजांची ८ फेब्रुवारी. प्रत्येक तारखेपुढे ती कुणाच्या कागदातली हे वहीत लिहून ठेव. मला एका वृद्ध वाचकाने पोस्टकार्ड पाठवून ही चूक दाखवली. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

ताबा घेण्याचा प्रसंग तू फार घाईत उरकलास. तिथे थांब. शिपमनच्या मागे सगळं त्याचा सेक्रेटरी हम्फ्री कुक याच्या अंगावर आलं. गोव्यात करार झाला, अटी अशा की लंडनने पुढे त्याला त्याबद्दल दोषच दिला. मग मुंबई. दोना इग्नेस दे मिरांदा या विधवा बाईंचं मोठं घर, आज जिथे नौदलाचा ‘आयएनएस आंग्रे’ हा तळ आहे तिथे. कुकने त्या जागेची माती आणि दगड हातात घेतले, बुरुजांवर चालला, भिंतींना हात लावला. ताबा घेण्याची कायदेशीर रीत ती. अडीच वर्षं आणि तीनशेच्या वर माणसं गेल्यावर हातात आली ती मूठभर माती. पण एवढं वाक्य तू लिहू नकोस. माती दाखव, पुढचं वाचणाऱ्याला दिसेल.

त्याच महिन्यात शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन बसरूरला गेले आणि परतताना गोकर्ण, कारवार या बाजूला होते. हे एका ओळीत येऊ दे, जास्त नको. महाराजांना अंजदीवच्या शिपायांशी काही देणंघेणं होतं असा भास निर्माण करू नकोस. पण समुद्र तोच होता, हे मराठी वाचकाला कळायला हवं.

शेवटच्या भागात तू एकदम ‘ब्रिटिश साम्राज्याचा पाया’ वर उडी मारलीस. मला तिथे दुःख झालं. त्या शंभरांचं पुढे काय झालं? २७ मार्च १६६८ च्या सनदेने राजाने मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली, आणि उरलेल्या शिपायांना कंपनीच्या चाकरीत घेतलं. राजाचे शिपाई व्यापाऱ्यांचे नोकर झाले. मग सगळं भांडण पगाराचं. १६७४ मध्ये बंड, एका कॉर्पोरलला गोळी घातली. कंपनीने खर्च कापत कापत १६८३ आणलं, आणि २७ डिसेंबरला मुंबईच्या फौजेचा कॅप्टन रिचर्ड केग्विन याने उपगव्हर्नरलाच कैद करून मुंबई राजाच्या नावाने चालवायला घेतली. जवळजवळ वर्षभर चालवली, संभाजी महाराजांशी तहही केला. हे तुझ्या अंजदीवचंच पुढचं पान आहे: लांबच्या मालकाने शब्द द्यायचा आणि किनाऱ्यावरच्या माणसाने त्यावर जगायचं.

आणि पहारा फक्त गोऱ्यांनी दिला असं वाटू देऊ नकोस. टोपास होते, म्हणजे इथलेच ख्रिस्ती, पोर्तुगीज नावांचे. पुढे कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याच्या काळात जमीनदारांकडून माणसं घेऊन फौज उभी राहिली, त्यात भंडारी होते. ज्यांनी अंजदीववर तांदूळ, मासे, ताडी पोचवली त्यांची नावं कागदात नाहीत. पण होड्या होत्या म्हणजे वल्हवणारे हात होते. त्यांना जागा कर.

आता काम सांगतो. सुरतेच्या वखारीची त्या वर्षांची पत्रं छापील मिळतात. त्यातून फक्त तीन गोष्टी वेगळ्या वहीत उतर: धान्य, पगार, आजार. दुसरं काही नको. ती वही भरल्याशिवाय खर्ड्याला हात लावू नकोस. बेट नौदलाकडे आहे, तिथे जाता येणार नाही. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कारवारला जा, बिणग्याच्या किनाऱ्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बस. छत्री ने, पण उघडू नकोस. घरी आल्यावर पहिलं पान त्या रात्रीच लिही आणि मला पाठव.

तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझे सर