बंद घराचे हीटिंग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही पती-पत्नी सहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये लेस्टर येथे भाड्याच्या घरात राहतो आणि आता पहिलेच घर विकत घेत आहोत. घर १९७०च्या दशकात बांधलेले असून एका वृद्ध बाईंचे होते. त्या गेल्या वर्षी वारल्या आणि त्यांचा पुतण्या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा (एक्झिक्युटर) या नात्याने ते विकत आहे. घर मागच्या ऑक्टोबरपासून रिकामे आहे आणि गॅस बंद केलेला आहे. विक्रेत्याने भरून द्यायच्या माहितीपत्रकात ‘हीटिंग चालू स्थितीत आहे काय?’ या प्रश्नापुढे ‘माहीत नाही’ असे लिहिले आहे. एजंट म्हणतो की बाई शेवटपर्यंत तेथेच राहत होत्या, तेव्हा हीटिंग चालतच असणार. घराची पाहणी करणाऱ्या आमच्या सर्वेअरने मात्र ते तपासलेले नाही. आता ऑगस्ट चालू आहे, राहायला जाईपर्यंत थंडी येईल आणि आमचे बाळ आठ महिन्यांचे आहे. आम्ही हे घर सोडून द्यावे काय?

उत्तर : घर सोडू नये, पण हीटिंग तपासून होईपर्यंत करारावर सहीही करू नये. या दोन गोष्टींच्या मध्ये तुमच्याकडे काही आठवडे आहेत आणि ते कसे वापरावेत, हेच येथे सांगतो.

प्रथम कायद्याची बाजू पाहू, कारण महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा गोंधळ बहुधा तेथे होतो. आपल्याकडे इसार दिला की व्यवहार बांधला गेला असे आपण धरून चालतो. इंग्लंडमध्ये तुमची किंमत विक्रेत्याने मान्य केली, तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. ही अदलाबदल साधारण आपल्या साठेखताच्या जागी येते. त्या दिवशी बहुधा दहा टक्के रक्कम भरावी लागते आणि नेहमीच्या छापील अटींनुसार घर त्या दिवशी ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत तुम्ही स्वीकारले, असे ठरते. त्यानंतर हीटिंगचे पाणी तापवणारा बॉयलर मेलेला निघाला तर तो तुमचा बॉयलर असतो.

दुसरा गैरसमज भाडेकरूच्या अनुभवातून येतो. तुम्ही सहा वर्षे भाड्याने राहिलात, त्यामुळे दरवर्षी गॅसची तपासणी होते आणि तिचा दाखला हातात येतो, ही गोष्ट तुमच्या अंगवळणी पडलेली असणार. ती सक्ती घरमालकावर आहे; घर विकणाऱ्यावर नाही. सर्वेअरनेही कामचुकारपणा केलेला नाही. तो नळ, गॅस, वीज आणि हीटिंग डोळ्यांनी पाहतो, चालवून पाहत नाही, आणि तसे त्याच्या अटींमध्ये लिहिलेले असते. बँकेने केलेले मूल्यांकन तर बँकेसाठीच असते. म्हणजे या सगळ्या कागदांत हीटिंग चालवून पाहणारा एकही माणूस नाही. तो तुम्हालाच बोलवावा लागेल.

एजंटचे म्हणणे प्रामाणिक असेलही, पण त्याचा उपयोग नाही. बाई राहत होत्या तेव्हा हीटिंग चालत होते, हे खरे मानले तरी त्यानंतर एक अख्खा हिवाळा त्या घरावरून गेला आहे, आणि मला खरी काळजी त्या हिवाळ्याची वाटते. हीटिंग बंद असलेल्या घरात नळांमध्ये आणि खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमध्ये पाणी तसेच राहिले, तर कडाक्याच्या थंडीत ते गोठून फुगते आणि नळ किंवा सांधा फुटतो. फुटलेली जागा पाणी पुन्हा भरेपर्यंत कळत नाही. म्हणून तुमच्या सॉलिसिटरमार्फत, म्हणजे वकिलामार्फत, पुतण्याला आजच लेखी विचारा की गेल्या हिवाळ्यात यंत्रणेतले पाणी काढून टाकले होते काय, कोणी आणि कोणत्या महिन्यात. रिकाम्या घराचा विमा देणाऱ्या कंपन्या हिवाळ्यात एकतर पाणी काढून टाका किंवा थोडी ऊब चालू ठेवा अशी अट सहसा घालतात, त्यामुळे ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या एक्झिक्युटरलाही या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठाऊक असते. उत्तर येईपर्यंत पुन्हा एकदा घर पाहायला जा आणि छतावरचे पिवळसर डाग, फुगलेल्या फळ्या, रेडिएटरच्या खालच्या कडेचा गंज हे नीट पाहून या.

कागदपत्रेही मागवा. १ एप्रिल २००५ किंवा त्यानंतर बॉयलर बसवला असेल, तर बांधकाम नियमांनुसार त्याचा पूर्तता दाखला असायला हवा. दाखला हरवला असला तरी त्याची प्रत मिळवता येते. बॉयलरसोबत आलेल्या पुस्तिकेत दर वर्षीच्या सर्व्हिसिंगची नोंद असते. दहा वर्षांच्या सलग नोंदी असलेला जुना बॉयलर मला एकही नोंद नसलेल्या पाच वर्षांच्या बॉयलरपेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष तपासणी. गॅसच्या उपकरणाला हात लावण्याचा अधिकार फक्त गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसचे काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदवहीत, नाव असलेल्या इंजिनिअरला आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये ही नोंदणी १ एप्रिल २००९ पासून आहे. त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला तो कोणत्या प्रकारचे काम करू शकतो ते लिहिलेले असते. ते वाचून घ्यायला संकोच करू नये. पण गॅस बंद असताना तो आला तर बॉयलरचे झाकण उघडून परत जाण्यापलीकडे फारसे करू शकणार नाही. त्यामुळे आधी पुतण्याची लेखी परवानगी घेऊन गॅस आणि पाणी पुन्हा चालू करावे लागेल. मीटर आगाऊ पैसे भरण्याचा असेल आणि त्यावर जुनी बाकी असेल, तर ती कोणी भरायची हे आधीच ठरवून घ्या. तपासणीचे शंभर-सव्वाशे पौंड तुम्ही द्यावेत आणि तसे स्वतःहून सांगावे, म्हणजे परवानगी सहज मिळते.

इंजिनिअरने आधी गॅसच्या नळांना गळती नाही याची चाचणी घ्यावी, मग बॉयलर पेटवून किमान तासभर चालवावा. ऑगस्टमध्ये घर मुळातच गरम असते, त्यामुळे तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट सर्वांत वरच्या आकड्यावर नेला नाही तर बॉयलर पेटणारच नाही आणि तो बिघडला असा उगाच समज होईल. त्या तासात तुम्ही स्वतः प्रत्येक खोलीत जाऊन रेडिएटरला वरून आणि खालून हात लावून पाहा. वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा आहे आणि ते काम दोन मिनिटांचे आहे. वरून गरम आणि खालून, विशेषतः मध्यभागी, गार असेल तर तळाशी गंजाचा गाळ साचला आहे. तुमच्या घराच्या काळात आठ-दहा मिलिमीटरचे बारीक तांब्याचे नळ टाकण्याची पद्धत होती. तसे नळ असतील तर गाळ नळांतच अडकतो आणि धुऊन काढणे अवघड जाते. बंदिस्त, म्हणजे पाणी दाबाखाली असलेली, यंत्रणा असेल तर गार असताना दाबमापकावर एक ते दीड बार दिसायला हवेत. बॉयलर बंद करून यंत्रणा पूर्ण गार झाल्यावर तो आकडा टिपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. तो घसरला असेल तर कोठेतरी पाणी गळते आहे, आणि ते फरशीखाली असेल तर खर्च मोठा. पोटमाळ्यावर छोटी टाकी असेल तर यंत्रणा जुन्या पद्धतीची आहे आणि तेथे दाबमापक नसतो.

इतके महिने बंद राहिलेल्या यंत्रणेत पंप किंवा झडप अडकणे हे अगदी नेहमीचे असून तेवढ्याने घाबरू नये. दिवाणखान्यातील गॅसच्या शेगडीमागे जुना बॅक बॉयलर निघाला, तर मात्र तो चालत असला तरी बदलायचाच आहे असे धरा. त्याची जागा आणि नळ दोन्ही बदलावे लागत असल्याने साधा बॉयलर बदलण्यापेक्षा खर्च जास्त येतो. सर्वसाधारण बॉयलर बदलायला अडीच ते साडेतीन हजार पौंड लागतात. नळ आणि सगळे रेडिएटर धरले तर रक्कम दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. इंजिनिअरकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यावर किंमत कमी करून मागा. घटलेली किंमत सॉलिसिटरमार्फत बँकेला कळवावी लागते, ती लपवू नये.

पुतण्याने तपासणीच नाकारली तर त्यात खोटेपणा असेलच असे नाही. पण मग संपूर्ण नवी यंत्रणा बसवावी लागेल असे समजून किंमत ठरवा, आणि तेवढे पैसे घराच्या हप्त्यांपलीकडे तुमच्याजवळ शिल्लक राहणार नसतील, तर मात्र हे घर घेऊ नका.

बाळासाठी एक गोष्ट ताबा मिळण्याच्या दिवशीच करा. नीट न जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बॉयलरच्या खोलीत त्याचा अलार्म बसवा. बॉयलरची ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसली किंवा आसपास काजळी धरली, तर तो बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : वरील विषयाशी जुळणारी माझी अडचण आहे. आम्ही इंग्लंडमध्येच जूनमध्ये घर घेतले. माहितीपत्रकात हीटिंग ‘चालू स्थितीत’ असे स्पष्ट लिहिले होते. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा लावले तर बॉयलर पेटलाच नाही. विक्रेत्याकडून पैसे मागता येतील काय?

उत्तर : मागता येतील, पण मिळणे पुराव्यावर अवलंबून आहे. १९६७ च्या मिसरिप्रेझेंटेशन कायद्यानुसार, विक्रेत्याच्या चुकीच्या विधानावर विसंबून तुम्ही घर घेतले असेल तर नुकसानभरपाईचा दावा करता येतो. मात्र त्याने लिहिले तेव्हा बॉयलर बिघडलेलाच होता, हे तुम्हाला दाखवावे लागेल. चार महिन्यांचे अंतर येथे तुमच्या विरोधात जाते, कारण बॉयलर जुलैत बिघडला असे तो म्हणू शकेल. बॉयलर बनवणाऱ्या कंपनीकडे किंवा नेहमीच्या इंजिनिअरकडे जूनपूर्वीच्या दुरुस्तीची नोंद सापडली, किंवा विक्रेत्याच्या शेवटच्या हिवाळ्यातील गॅसची बिले जवळजवळ कोरी निघाली, तर दावा बळकट होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा साधारणपणे छोट्या दाव्यांच्या पद्धतीने चालतो आणि त्यासाठी वकील असलाच पाहिजे असे नाही. थंडी असली तरी नवा बॉयलर बसवण्याआधी गॅस सेफ इंजिनिअरकडून बिघाडाचे कारण आणि तो किती जुना वाटतो याचा लेखी अहवाल घ्या, आतल्या भागांची छायाचित्रे काढा आणि काढलेला भाग त्याला घेऊन जाऊ देऊ नका.