वाचकांचे प्रश्न : संघ सरकारच्या खर्चाला मर्यादा कोणती?

प्रश्न : अमेरिकेच्या राज्यघटनेत संघ सरकारचे अधिकार मोजून दिलेले असताना ते आरोग्यावर खर्च कसा करू शकते?

उत्तर : सारा वाद पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमातील ‘सर्वसाधारण कल्याण’ या शब्दांचा आहे; त्यासाठी कर गोळा करण्याचा अधिकार हे कलम संसदेला देते. राज्यघटनेचे एक शिल्पकार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स मॅडिसन यांच्या मते ते शब्द पुढे नोंदवलेल्या अधिकारांपुरतेच होते, म्हणून १८१७ मध्ये रस्ते-कालव्यांचे विधेयक त्यांनी नाकारले. अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन मात्र खर्चाचा अधिकार स्वतंत्र मानत, आणि १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तत्त्वतः त्यांचाच अर्थ स्वीकारला. तरीही मेडिकेडचा (गरिबांसाठी संघ आणि राज्ये मिळून चालवत असलेल्या आरोग्य योजनेचा) विस्तार नाकारणाऱ्या राज्यांना आधीपासून मिळणाराही निधी रोखण्याची तरतूद न्यायालयाने २०१२ मध्ये जबरदस्ती ठरवली. मला हा निकाल योग्य वाटतो, कारण एवढ्या मोठ्या निधीवर अवलंबून असलेल्या राज्यांना नकार देणे शक्यच नव्हते.