समुद्र न पाहता महासागर आणि पृथ्वीच्या गाभ्यातल्या प्रवाहांवर पीएच.डी. जमेल का?

लातूरला एम.एस्सी. भौतिकशास्त्र करताय, समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलाय, आणि हा विषय झेपेल का असं विचारलंय. नक्की झेपेल. इथे गणित पक्कं लागतं, किनारा नाही.

महासागर आणि गाभ्याचा वितळलेला भाग, दोन्ही पृथ्वीसोबत फिरणारे द्रव, आणि फिरत्या द्रवाचं वागणंच निराळं. काचेच्या बरणीत पाणी घेऊन ती फिरत्या चाकावर मधोमध ठेवा. थोडा धीर धरा. पाणी बरणीच्याच गतीने फिरू लागलं की शाईचे दोन थेंब टाका. स्थिर पाण्यात शाई वेडीवाकडी पसरते, इथे तिचे उभे, पातळ पडदे बनतात. ही कोरिऑलिस बलाची, म्हणजे फिरत्या गोष्टीत हलणाऱ्या द्रवाला बाजूला वळवणाऱ्या बलाची किमया. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९२०च्या दशकात असे प्रयोग केले होते.

गाभ्यात सुमारे २,९०० ते ५,१५० किलोमीटर खोलीवर वितळलेलं लोखंड असंच फिरतं, त्यातूनच पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र टिकून आहे. खरी गोम पुढे आहे. द्रवातलं घर्षण आणि परिवलन (स्वतःभोवती फिरणं) यांच्या परिणामांचं गुणोत्तर, म्हणजे एकमन अंक, गाभ्यात दहाच्या उणे पंधराव्या घाताइतका लहान असतो. इतक्या लहान अंकाचं गणित करण्यापर्यंत कोणताही महासंगणक पोचत नाही. म्हणून सोप्या परिस्थितीत नियम शोधून ते गाभ्यापर्यंत ताणता येतात का, हे तपासायचं. माझ्या मते या विषयाचा जीव यातच आहे.

नेव्हिए-स्टोक्स समीकरणं (द्रवाच्या हालचालीची), फूरिए विश्लेषण (कोणताही बदल लहरींत फोडून पाहणं) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आत्तापासून शिकायला घ्या. नेट किंवा गेट द्या. बंगळूरची आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) आणि आयसीटीएस (सैद्धांतिक विज्ञानाचं केंद्र), पुण्याची आयआयटीएम (उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची संस्था) इथे चौकशी करा. मार्गदर्शकांना ईमेल करण्याआधी त्यांचा एक तरी शोधनिबंध नीट वाचा.