मेन स्टँड नसलेली मोटरसायकल घरी काम करण्यासाठी सुरक्षितपणे कशी उचलायची?

तुम्ही लिहिलंय की गाडी १५० सीसीची आहे, मेन स्टँड नाही, चेन धुवायची आहे, पुढच्या चाकाची बेअरिंगं बघायची आहेत, पॅडॉक स्टँड (दांडा खाली दाबून गाडीचं चाक उचलणारा सुटा स्टँड) घ्यावा की कारचा जॅक चालेल, आणि शेवटी, "धरायला मित्र आहे". त्या शेवटच्या वाक्यामुळेच मी उत्तर लिहायला बसलोय.

गाडी धरायला मित्राला उभं करू नका. माणूस हा आधार नव्हे. गाडी वर चढवल्यावर कुणाचाही हात न लागता ती उभी राहत असेल तरच पान्याला हात लावायचा. नाहीतर खाली घ्यायची आणि आधार नव्याने बसवायचा.

आमचे दाजी कोल्हापुरात असतात. त्यांच्याकडे रॉयल एनफील्डची जुनी क्लासिक ३५० होती. गगनबावड्याच्या रस्त्याला डबलसीट जाताना खाली घासतो म्हणून त्यांनी तिचा मेन स्टँड काढून माळ्यावर टाकला होता. दिवाळीला आम्ही ताईकडे गेलो होतो आणि दाजींनी अंगणात मागचं टायर बदलायला घेतलं. इंजिनच्या खाली भाजक्या विटा, दोन्ही बाजूंना दोन-दोन चवडी. त्या मॉडेलला इंजिनच फ्रेमचा भाग आहे, पुढचा एकेरी पाइप इंजिनपाशी संपतो आणि खाली फ्रेमचा पाइपच नाही. म्हणजे सगळा भार ॲल्युमिनियमच्या केसिंगवर आणि केसिंग विटांच्या कडांवर. मी तेव्हाच म्हणालो, "दाजी, उतरवा गाडी. मी फळ्या आणतो." ते म्हणाले, "आमच्या आप्पांनी सगळ्या गाड्या विटांवरच चढवल्या. काय होत न्हाई. गिअरमध्ये टाकलीय, कुठं जाणार? तू फक्त धर."

आता या दोन्ही गोष्टी नीट बघा, कारण घरोघरी हेच चालतं.

गिअर इंजिन आणि मागचं चाक यांना जोडतो. मागचं चाक हवेत असेल तर गिअरचा काहीही उपयोग नाही, जमिनीवर टेकलेलं पुढचं चाक मोकळंच असतं. गाडी पुढे सरकू नये असं वाटत असेल तर पुढचा ब्रेक दाबून लिव्हर हँडलला बांधा. जुन्या ट्यूबची पट्टी त्याला उत्तम. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडाची पाचर लावा.

आणि वीट. भिंतीत वीट भार घेते, कारण तो भार तिच्या पूर्ण अंगावर पसरलेला असतो आणि चारी बाजूंनी तिला दाब असतो. इंजिनच्या केसिंगची एक धार सुट्या विटेच्या कोपऱ्यावर बसली की तो कोपरा उडतो, आणि कधी उडेल हे आधी दिसत नाही. पोकळ सिमेंट ब्लॉक तर त्याहून वाईट. सागाचा, बाभळीचा, कसलाही लाकडी ठोकळा चिरताना आवाज करतो, दबतो, तुम्हाला सावध करतो. वीट एकदम जाते.

दाजींनी मागच्या एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याच्या, नटाला रिंग पाना लावला, नट हलेना म्हणून पान्याला हातभर पाइप चढवला आणि हिसका दिला. त्या हिसक्यात नट सुटला नाही, गाडी विटांवर इंचभर सरकली, डावीकडची चवड ढासळली आणि क्लासिक दाजींच्या बाजूला आडवी झाली. मी हँडल आणि सीटची कड धरूनच होतो. फूटरेस्ट दाजींच्या पायाच्या पंजावर आला. पायात स्लिपर. दोन बोटांची हाडं मोडली, पुढे प्लास्टर.

त्यानंतर घरात जे कार्य होईल, बारसं असो वा वास्तुशांत, दाजी तोच पाय दाखवून सांगतात, "ह्यानं गाडी नीट धरली नाही."

म्हणून हे गणित मांडतो. क्लासिकचं वजन जवळपास १९५ किलो. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अंदाजे अर्धा मीटर उंच. गाडी सरळ असते तेव्हा दोन बोटांनी तोलता येते, कारण भार सगळा खाली जातो. ती १० अंश कलली की मीटरभर उंचीच्या हँडलपाशी साधारण १७ किलोचा जोर लागतो. ३० अंशांवर तोच जोर ५० किलोच्या आसपास जातो, आणि तो नुसता पेलायचा नसतो, पडत्या वेगाला थांबवायचाही असतो. सरळपासून ३० अंशांपर्यंत यायला क्षणभरसुद्धा लागत नाही. आखाड्यातला पैलवान उभा केला असता तरी ती गाडी त्याच्या हातात राहिली नसती. दोष धरणाऱ्याचा नव्हता. दोष विटांचा होता आणि उचललेल्या गाडीचा आवळलेला नट पाइप लावून ओढण्याचा होता.

यातून सगळ्यात कामाचं सांगायचं तर, जे जे घट्ट आहे ते गाडी जमिनीवर दोन्ही चाकांवर असतानाच सैल करून ठेवा. एक्सलचा नट, डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट, एक्सल आवळून धरणारे पिंच बोल्ट, सगळं. पूर्ण काढायचं नाही, फक्त हलवायचं, मग हातानेच परत टेकवून ठेवायचं. गाडी वर गेल्यावर फक्त हलके हात चालले पाहिजेत. शेवटची आवळणीही चाकं जमिनीला टेकल्यावरच, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

तुमच्या गाडीसाठी पॅडॉक स्टँडच घ्या. स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांना, बॉबिनची (स्टँडच्या खाचेत बसणाऱ्या गोल खुंट्यांची) भोकं असतील तर बॉबिन लावून खाचेचा स्टँड, नसतील तर रबर लावलेला एल आकाराचा. पाया रुंद असलेला बघा. साइड स्टँड खालीच ठेवायचा, डाव्या हाताने मागचा ग्रॅब रेल धरून गाडी सरळ करायची, उजव्या हाताने स्टँड दोन्ही बाजूंना टेकवायचा, वाकून दोन्ही टेकू बसलेत हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच दांडा खाली दाबायचा. पहिल्या खेपेला मित्र इथे हवा. त्याने समोरच्या बाजूने बघून गाडी सरळ आहे की नाही तेवढं सांगावं. एकदा चढली की त्याला बाजूला व्हायला सांगा, तुम्हीही हात सोडा आणि सीटवर तळहात ठेवून गाडी हलवून बघा.

मी नंतर माझ्यासाठी उद्यमनगरातून एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपचा स्टँड बनवून घेतला, पाया सव्वादोन फुटांचा. आमच्या गल्लीतल्या बहुतेक गाड्या त्यावर चढतात. पण वेल्डिंग ओळखीच्या, खात्रीच्या हाताचं नसेल तर तयार स्टँडच आणा.

कारचा जॅक मागच्या चाकासाठी अजिबात नको. त्याचं डोकं अरुंद आणि उंची वाढेल तसा तो डुलतो. पुढच्या चाकासाठी, मागे पॅडॉक स्टँड लागलेला असताना, जाड लाकडी ठोकळा मध्ये घालून चालतो, तोही खाली सपाट, भक्कम जागा असेल तरच. ऑइलचा ड्रेन बोल्ट, फिल्टरचं झाकण, सायलेन्सरचा बेंड यांवर जॅक लावायचा नाही. तुमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांना बेंड इंजिनच्या खालूनच जातो, मग पुढचा वेगळा स्टँड घ्यावा लागतो. मागची बाजू आधी, पुढची नंतर, हा क्रम उलटा करायचा नाही. एका वेळी एकच चाक काढा.

जमीन कशी आहे हे तुम्ही लिहिलं नाहीये. पेव्हर ब्लॉक पावसाळ्यानंतर खाली पोकळ होतात आणि एकच ब्लॉक अर्धा इंच बसला तरी स्टँड तिरका होतो. स्टँडच्या आणि पुढच्या चाकाच्या खाली १८ मिमीचा प्लायवूडचा सलग तुकडा टाका. गुळगुळीत टाइल्सवर त्याच प्लायखाली रबरी मॅट.

चेनचं एक राहिलंच. इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला कापड लावणारे लोक मी गॅरेजातही बघितलेत. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये कापड ओढलं जातं, त्याबरोबर बोटं जातात. इंजिन बंद, चावी खिशात, चाक हाताने फिरवायचं, आणि तेही ब्रश खालच्या बाजूच्या चेनवर ठेवून.

दाजी हे वाचणार आहेत, ताई त्यांना पाठवते. म्हणून लिहून ठेवतो: दाजी, मेन स्टँड अजून तुमच्या माळ्यावरच असेल. त्याची स्प्रिंग आणि बोल्ट नवीन घ्या, पुढच्या खेपेला येईन तेव्हा मी बसवून देतो. मेन स्टँडवर पुढचं चाक काढायचं असेल तर स्टँडचा पाय आणि फ्रेमचा पुढचा पाइप पट्ट्याने बांधायचा, म्हणजे गाडी पुढे ढकलली गेली तरी स्टँड मागे दुमडत नाही.

आणि प्रश्नकर्त्यांसाठी अजून एक. व्हरांड्यात झोपाळ्याची कडी असेल तर तिथून रॅचेटचा (खटक्याने आवळायचा) पट्टा खाली आणून हँडलखाली फ्रेमला सैलसर अडकवा. भार त्यावर टाकायचा नाही, गाडी कललीच तर तो अडवतो. मात्र कडी स्लॅब ओततानाच सळईला अडकवलेली असली पाहिजे. नंतर ड्रिल मारून बसवलेल्या हुकला गाडी बांधू नका.