ऑपरेटर शिकताय? आधी कांदा गोण्यांत भरा

ऑपरेटर म्हणजे +, /, % अशी हिशोबाची आणि तुलनेची चिन्हं. त्यांचा तक्ता पाठ करत बसू नकोस. तू नाशिकचा आहेस, लासलगावचा कांदा बघत मोठा झालास, मग त्याचाच हिशोब पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मांड. १३७० किलो कांदा, एका गोणीत ५० किलो. किती गोण्या भरतील, उरेल किती?

१३७० / ५० केलंस की २७.४ येईल. पण ०.४ गोणी कुणी भरत नाही! इथे // वापर, पूर्ण भरलेल्या २७ गोण्या मिळतील. मग १३७० % ५०, उत्तर २०, म्हणजे उरलेले किलो. % बघून नवशिक्यांना टक्केवारी आठवते. इथे तो फक्त बाकी देतो. ताळा मात्र हाताने करच: २७ * ५० + २० म्हणजे १३७०.

आता खरी गंमत. गोण्या विकत किती आणायच्या? २८, कारण उरलेला कांदाही कुठेतरी भरायचाच. म्हणून बाकी > ० असेल तर एक वाढव. तुलनेचा ऑपरेटर लागतो तो असा. बाकी शून्य आहे का हे विचारायचं असेल तर ==, एकटा = फक्त किंमत ठेवतो.

वजन कीबोर्डवरून घेणार असशील तर ते मजकूर म्हणून येतं, आधी त्याचा पूर्णांक कर. नाहीतर २० + २० चे २०२० होतील.

चाललं की १३५०, १३५१ आणि ४९ टाकून बघ. या तिन्हींची उत्तरं आधी कागदावर लिही, मगच रन कर.