एनडीव्हीआयचा आलेख मधेच कोसळून परत वर येतो. हे पीक की ढग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रांवरून एका शेताचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, काढलात. ढग २० टक्क्यांहून कमी असलेलीच चित्रं घेतलीत. तरी आलेख मधेच ०.७ वरून ०.३ ला येतो आणि पुढच्या फेरीला पुन्हा वर जातो. हे नेमकं काय?

ढग, किंवा ढगाची सावली. उभं पीक पाच दिवसांत निम्मं वाळून पुढच्या पाच दिवसांत हिरवंगार होत नाही. आलेख झटकन पडून झटकन उठला की आधी आकाशावर संशय घ्यायचा, मग जमिनीवर.

तुमची २० टक्क्यांची अट इथे फारशी उपयोगाची नाही, कारण ती टक्केवारी अख्ख्या चौकटीची असते. सेंटिनेल-२ ची एक चौकट साधारण ११० किलोमीटर लांब आणि तितकीच रुंद. त्यात ढग पाचच टक्के असले, पण नेमके तुमच्या शेतावर असले, तर तुमच्यापुरतं ते चित्र पूर्ण ढगाळ. उलट ८० टक्के ढगाळ म्हणून फेकून दिलेल्या चित्रात तुमचं शेत लख्ख उन्हात असू शकतं. गाळणी चित्राला नको, पिक्सेलला लावा.

आता आकडा पडतो कसा ते पाहू. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि निकट अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश भरपूर परतवतं. समजा लाल ५ टक्के परतला आणि अवरक्त ४५ टक्के. दोघांच्या फरकाला बेरजेनं भागलं की ०.८०. ढगाला हा भेद कळत नाही. त्यातले थेंब या दोन्ही तरंगलांबींच्या मानानं खूप मोठे असतात, त्यामुळे दोन्ही प्रकाश जवळजवळ सारखेच विखुरतात. लाल ६०, अवरक्तही ६०, उत्तर शून्य. खाली घनदाट जंगल असो की डांबरी रस्ता, दाट ढगाचं उत्तर शून्याच्या आसपासच येणार.

पण दाट ढगाचा मला त्रास नाही. तो दिसतो, ओळखता येतो, काढून टाकता येतो. फसवतात ते उंचावरचे विरळ तंतुमेघ. त्यांच्यातून शेत दिसत राहतं. वरच्याच उदाहरणात प्रकाशाच्या दोन्ही पट्ट्यांत (लाल आणि अवरक्त) फक्त ५ टक्क्यांची भर घाला: लाल १०, अवरक्त ५०. निर्देशांक ०.८० वरून ०.६७ वर आला. हा आकडा पाहून कुणाच्याही मनात पाल चुकचुकत नाही, पाण्याचा ताण पडलेल्या पिकाचाही असाच येऊ शकतो. याच कारणानं लँडसॅट ८ आणि ९ या उपग्रहांवर, तसंच सेंटिनेल-२ वर, १.३८ मायक्रोमीटरच्या आसपासचा एक खास पट्टा ठेवला आहे. या तरंगलांबीचा प्रकाश खालच्या हवेतली वाफ जवळपास सगळा गिळून टाकते. त्यामुळे जमीन काळी पडते आणि उंचावरचे ढग तेवढे उजळ दिसतात. (हवा अगदी कोरडी असली किंवा डोंगर फार उंच असला तर जमीनही डोकावते, तेवढं लक्षात ठेवा.)

सावलीचं प्रकरण वेगळं. ढग दोन किलोमीटर उंच आणि सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल, तर सावली ढगापासून दोन किलोमीटर दूर पडते. १० मीटरच्या पिक्सेलच्या हिशेबानं २०० पिक्सेल. म्हणजे शेतावर ढगाचा मागमूस नसतो आणि तरी आकडा पडतो. निर्देशांक गुणोत्तर आहे, मग सावलीत दोन्ही पट्टे सारखे मंदावून तो टिकायला हवा, असं वाटतं. तसं होत नाही. सावलीत पोचतो तो बहुतेक आकाशातून विखुरलेला प्रकाश, आणि त्यात निळ्याकडचा वाटा जास्त, अवरक्त फार कमी. सुरुवातीच्या काळात मी अशा एका सावलीला रोगाचा पट्टा समजून अहवालात घालून बसलो होतो. लांबट, तिरका, शेतांच्या हद्दी न जुमानणारा पट्टा. तो शेजारच्या तळ्यावरूनही तसाच गेला होता, आणि पाण्याला करपा होत नाही, हे दुसऱ्याला दाखवून द्यावं लागलं.

तुम्ही काय करायचं? सेंटिनेल-२ च्या चित्रांसोबत एससीएल नावाचा वर्गीकरणाचा थर मिळतो. त्यातले ३ (सावली), ८ आणि ९ (ढग) आणि १० (तंतुमेघ) हे वर्ग वगळा. मग तो मास्क, म्हणजे वगळलेल्या पिक्सेलचा भाग, चहूबाजूंनी शे-दोनशे मीटर फुगवा, कारण ढगाची कड कुठे संपते हे कुठल्याच गणिताला नीट सांगता येत नाही. तरी चुका राहतील. पांढरी छपरं आणि कोरडी वाळू ढग म्हणून उडते, तर विरळ ढग सुटून जातो. लँडसॅटवर उष्णता मोजणारे पट्टे असल्यानं तिथे थंडगार ढग वेगळा काढायला मदत होते. सेंटिनेल-२ वर तसा पट्टाच नाही.

जुना उपाय म्हणजे ठरावीक दिवसांतली सर्वांत मोठी किंमत उचलायची. ढग एनडीव्हीआयला खालीच ओढतो, म्हणून मोठी किंमत बहुधा स्वच्छ दिवसाची. हे तंत्र १९८६ सालापासून रुळलेलं आहे, मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाची १६ दिवसांची चित्रंही मुळात याच कल्पनेवर उभी आहेत. पण हाच नियम डोळे झाकून ईव्हीआयला (हिरवेपणाच्या दुसऱ्या एका निर्देशांकाला) लावू नका. उजळ ढगावर तो कधी कधी उलट वर उडतो, आणि मग तुम्ही वेचून वेचून ढगच गोळा करता.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. गळालेली चित्रं सरसकट कुठलीही नसतात. मोडिसच्या नोंदींनुसार जमिनीचा सरासरी सुमारे ५५ टक्के भाग ढगाखाली असतो, आणि पावसावर वाढणारं पीक सर्वांत वेगानं वाढतं तेव्हाच आकाश बंद असतं. समजा एखाद्या फेरीला ढग असण्याची शक्यता ७० टक्के आहे. पाच दिवसांनी येणाऱ्या सेंटिनेल-२ च्या महिन्यातल्या सहाही फेऱ्या वाया जाण्याची शक्यता सुमारे १२ टक्के. १६ दिवसांनी येणाऱ्या एकट्या लँडसॅटच्या दोन्ही फेऱ्या वाया जाण्याची ४९ टक्के. तेही ढग रोज नव्यानं नाणेफेक करून येतात असं धरून. प्रत्यक्षात ते मुक्काम ठोकतात.

यात मोठमोठे संशोधकही अडकलेत. २००५ च्या दुष्काळात ॲमेझॉनचं जंगल उलट जास्त हिरवं झालं, असा निष्कर्ष २००७ मध्ये उपग्रहाच्या आकडेवारीवरून निघाला. २०१० मध्ये दुसऱ्या गटानं ढग आणि धुरानं बिघडलेले पिक्सेल काटेकोरपणे गाळले, तर ती हिरवळ सापडेना. वाद पुढेही चालू राहिला.

रडारबद्दल विचाराल म्हणून सांगतो: सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या सुमारे ५.५ सेंटिमीटरच्या लहरी ढगातून आरपार जातात. पण त्यांना हिरवेपणा कळत नाही, पानाकाड्यांची रचना आणि ओलावा कळतो. पेरणी-कापणीच्या तारखा शोधायला छान, एनडीव्हीआयच्या जागी थेट बसवायला नाही.

तेव्हा तुमच्या आलेखातला तो ०.३ चा ठिपका काढा, ती जागा मोकळीच दाखवा आणि त्या तारखेचं मूळ रंगीत चित्र एकदा डोळ्यांनी बघा. पुढच्या दोन-तीन स्वच्छ चित्रांतही किंमत खालीच राहिली, तर मात्र शेतात जाऊन या.